परदेशी शिकायला गेलेली चिनी मुलं, दारू आणि ‘मिसळणं’

दुलई (धागाकर्ती)

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात निवासी वॉर्डन आहे. आमच्याकडे एमएस्सी करायला येणाऱ्यांत चिनी मुलंमुली सगळ्यांत जास्त. सप्टेंबरातला स्वागताचा आठवडा संपला की एक वाक्य हमखास कानावर येतं: “चायनीज मुलं मिसळत नाहीत.” खोदून विचारलं की पुरावा एकच असतो. पबमध्ये येत नाहीत, आली तर अर्धा ग्लास हातात धरून कडेला उभी राहतात आणि तासाभरात निघून जातात.

हे वाक्य मला अजिबात पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडावं आणि इथल्या जाणत्या मंडळींकडूनही ऐकावं, म्हणून हा धागा.

ही मुलं दारू ठाऊक नसलेल्या देशातून आलेली नाहीत. ज्वारीपासून बनणारी बायज्यू तिथे साधारण ३८ ते ५३ टक्के अल्कोहोलची असते, क्वचित त्याहूनही कडक. ग्वेइचौ प्रांतातली माओताय ५३ टक्क्यांची. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले तेव्हा चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांच्याबरोबर प्याले उंचावले ते हिचेच. शाओशिंगची तांदळाची पिवळी दारू थंडीत कोमट करून घेतात. मुलगी जन्मली की या दारूचे रांजण पुरायचे आणि तिच्या लग्नात उकरून काढायचे, अशी तिकडे जुनी रीत. चिंगदाओ शहरात १९०३ पासून बिअर बनते आहे आणि तिथले लोक ती प्लास्टिकच्या पिशवीत, किलोवर मोजून घरी नेतात. त्यामुळे ‘सवय नाही बिचाऱ्यांना’ हा सूर मुळातच चुकीचा आहे.

त्यांना अनोळखी आहे ती इथली पिण्याची तऱ्हा. चीनमध्ये दारू जेवणाबरोबर येते. माणसं बसलेली असतात, मधे पदार्थ असतात आणि औपचारिक पंगतीत कुणी आपला आपण घोट घेत नाही. कुणाकडे तरी पाहून, त्याच्यासाठी दोन शब्द बोलून प्याला उचलायचा, मग दोघांनी प्यायचं. इथे पबमध्ये सगळे उभे. पोट रिकामं, गोंगाटात निम्मं ऐकू येत नाही आणि जो तो आपापल्या गतीने पितो. ग्लास हातात धरून उभी असलेली ती मुलगी पुष्कळदा बुजलेली नसते. कुणीतरी आपल्याकडे पाहून प्याला उचलेल, याची ती वाट पाहत असते. इथे ते कुणाच्या गावीही नसतं.

त्यात ‘राउंड’ची पद्धत. चौघं गेले की पाळीपाळीने प्रत्येकाने चौघांचं घ्यायचं. एक ग्लास पुरणाऱ्याची कोंडी होते. चारही प्यायचे, नाहीतर आपली पाळी टाळतो म्हणून चिकटपणाचा शिक्का घ्यायचा. ही रीत कुणी समजावूनही सांगत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आज विशी-बाविशीत असलेली चिनी पिढी आपल्याच देशातल्या दारूच्या जबरदस्तीला विटलेली आहे. २०२० मध्ये बीजिंगमधल्या एका बँकेत नव्याने लागलेल्या तरुणाने वरिष्ठाचा प्याला नाकारला म्हणून त्याला जेवणाच्या टेबलावर थप्पड मारली गेली. त्यावर चिनी समाजमाध्यमांत रान पेटलं. ‘साहेबाने दिली म्हणजे प्यायलीच पाहिजे’ ही रीत मोडली पाहिजे, असं उघड बोललं गेलं. त्या वातावरणातून आलेल्या मुलाला इथे पहिल्याच आठवड्यात ‘अरे घे ना, एकाने काय होतंय’ ऐकावं लागतं. त्याला ते ओळखीचं वाटत असणार, आणि नकोसंही.

आपल्याकडून येणाऱ्या मुलांपैकी बरीच पीत नाहीत. त्यांनाही हे सगळं भोगावं लागतं, पण आज बोलायचंय ते चिनी मुलांबद्दल. ज्यांचा त्यांच्याशी जवळून संबंध आला असेल त्यांनी जरूर लिहा.

---

चोंगछिंग_रिटर्न

दुलईताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी एमबीबीएस चीनमध्ये केलं. कोविडच्या आधी आपल्याकडची वीसेक हजार मुलं तिथे शिकत होती, बहुतेक वैद्यकीयलाच. त्यामुळे मी हे टेबल आतून पाहिलंय.

गोल टेबल, मधे फिरती काच. दाराकडे तोंड करून यजमान बसणार, त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा. बायज्यूचे प्याले अगदी चिमुकले, दोन चमचे मावतील एवढे. पण ‘गानबेई’ म्हटलं की तळ दाखवायचा. ‘स्वेयी’ म्हटलं की तुमच्या मर्जीने, एक घोट पुरे. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाच्या प्याल्याला प्याला लावताना आपली कड त्याच्या कडेच्या खाली न्यायची. दोघंही नम्र निघाले तर दोन्ही प्याले टेबलाला टेकेपर्यंत खाली जातात.

दुलईताईंनी दारू जेवणाबरोबर येते असं लिहिलंय त्याला दुजोरा. विद्यार्थ्यांचं पिणं म्हणजे रस्त्याकडेच्या शेगडीवरच्या काड्या, मटणाच्या नाहीतर टोफूच्या. सोबत भाजलेले शेंगदाणे, ठेचलेली काकडी आणि टेबलाखाली बिअरचा क्रेट. काहीच न खाता पिणारा माणूस तिथे दुःखात आहे असंच धरतात. कुणीतरी येऊन विचारणार, काय झालं रे?

बहुतेकांची पहिली दारू गाओकाओ नंतरची. जूनमध्ये बारावीची ही मोठी परीक्षा संपली की निकालानंतर शिक्षकांना जेवण द्यायची पद्धत आहे. तिथे वडीलच पोराच्या हातात प्याला देतात आणि म्हणतात, जा, सरांना दे. म्हणजे सुरुवातच मोठ्यांच्या देखत, कृतज्ञता म्हणून होते. इंग्लंड-अमेरिकेत ती मोठ्यांपासून लपून होते. या एका फरकातून पुढचे बरेच फरक निघतात असं मला वाटतं.

आणि नकार देण्याच्या वाटाही तिथे ठरलेल्या आहेत, त्या कुणी लिहीत नाही म्हणून सांगतो. सर्वांत सभ्य वाट म्हणजे चहाचा प्याला उचलून ‘दारूच्या जागी चहा’ म्हणायचं. मान ठेवला गेला, प्रश्न मिटला. दुसरी वाट, गाडी चालवायची आहे. १ मे २०११ पासून नशेत गाडी चालवणं तिथे फौजदारी गुन्हा आहे. तेव्हापासून ‘गाडी आणलीये’ म्हटलं की बहुतेक जण गप्प बसतात. अर्थात आता भाड्याचे चालकही मिळतात. घडीची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन येतात, ती तुमच्या डिकीत टाकतात आणि तुमची गाडी घरी पोचवतात. त्यामुळे ही वाट थोडी अरुंद झालीये. तिसरी, ‘सेफॅलोस्पोरिन चालू आहे’. त्या गटातल्या काही अँटिबायोटिक्सवर दारू घेतली तर जीवावर बेतू शकतं, हे तिथे पोराटोरांनाही माहीत आहे. हे वाक्य ऐकल्यावर कुणी आग्रह करत नाही.

परदेशात गेल्यावर या तिन्ही वाटा बंद होतात. पबमध्ये चहा उचलून कुणाला देणार? गाडी तर नाहीच. आणि गोळीचं नाव सांगितलं तर समोरचा म्हणतो, बरं, मग पुढच्या शुक्रवारी.

---

रक्तपेशी

वैद्यकीय बाजू मी लिहितो, कारण ती समजल्याशिवाय ही चर्चा अर्धवट राहील.

दारू यकृतात दोन टप्प्यांत मोडली जाते. पहिल्या टप्प्यात इथेनॉलचं असेटाल्डिहाइड होतं. हे विषारी आहे. दुसऱ्या टप्प्यात एएलडीएच-२ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी असेटेट करतं. पूर्व आशियात, म्हणजे चीन, जपान, कोरिया, तैवानमध्ये, सुमारे ३५ ते ४० टक्के लोकांत या विकराचं दुबळं रूप असतं. आईवडिलांपैकी एकाकडून ते आलं तरी विकराचं काम खूपच मंदावतं. दोघांकडून आलं तर जवळजवळ बंदच. चीनमध्ये उत्तरेपेक्षा आग्नेयेकडे, म्हणजे ग्वांगदोंग-फूच्येन भागात, हे प्रमाण जास्त. भारतात हा प्रकार फार क्वचित दिसतो, म्हणून आपल्याला त्याची कल्पना नसते.

अशा माणसाने थोडी जरी दारू घेतली तरी असेटाल्डिहाइड साठतं. चेहरा आणि मान लालबुंद होते, छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी देतात, ती हेच विकर बंद पाडते. म्हणजे व्यसनी माणसाला आपण मुद्दाम जो त्रास देतो, तो या मुलांना जन्मतःच आहे.

आता तीन गोष्टी, ज्या मी भेटेल त्या विद्यार्थ्याला सांगतो.

‘सवयीने लाली जाते’ हे खोटं. मेंदूला सवय होते, गरगरणं कमी वाटतं. विकर वाढत नाही, विष तेवढंच साठतं.

‘ज्याचा चेहरा लाल होतो तो खरा पिणारा’ असा एक समज चीनमध्येच आहे. तो उलटा आहे आणि घातक आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. पार्टीआधी फॅमोटिडिनसारखी आम्लपित्ताची नाहीतर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन लाली लपवायची टूम परदेशी विद्यार्थ्यांत पसरलेली आहे. लाली ही शरीराने दिलेली सूचना. गोळीने सूचना बंद होते, विष नाही. उलट चेहरा ठीक दिसतो म्हणून मूल आणखी दोन ग्लास घेतं. दारूतून येणारं असेटाल्डिहाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदवलं आहे. हे दुबळं विकर असूनही नेमाने पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

आणखी एक. चीनमधल्या दहा भागांत पाच लाखांवर प्रौढांचा एक मोठा अभ्यास २००४ पासून चालू आहे. त्यात सुमारे एक तृतीयांश पुरुष बहुतेक आठवड्यांत पिणारे निघाले, बायकांत फक्त २ टक्के. त्याच अभ्यासातल्या जनुकीय माहितीवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला की ‘थोडी दारू मेंदूच्या झटक्यापासून वाचवते’ या समजुतीला आधार नाही. हा २ टक्क्यांचा आकडा मुलींबद्दल बोलताना लक्षात ठेवा. सहाध्यायी मुलगी पीत नसेल तर ती तिच्या आई-मावशी-आजीसारखीच वागते आहे.

---

स्पष्टवक्ता_७८

सगळं वाचलं. माहिती उत्तम. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

देश तसा वेश हे आपणच म्हणतो ना? हजारो पाउंड फी भरून इंग्लंडला जायचं आणि पाच चिनी मुलांनी एका स्वयंपाकघरात हॉटपॉट (उकळत्या रश्शात शिजवत खायचं चिनी जेवण) करत वर्ष काढायचं. मग इंग्रजी सुधारत नाही, ओळखी होत नाहीत आणि नोकरीच्या वेळी अडतं. पबमध्ये कुणी बंदूक लावून दारू पाजत नाही. कोक घ्या, लिंबूसोडा घ्या, पण जा. गेल्याशिवाय माणसं कळत नाहीत. मी स्वतः न पिणारा माणूस परदेशात एक तप काढून आलोय, आणि मला पबमध्येच उत्तम मित्र मिळाले.

शिवाय चिनी मुलं पीत नाहीत हेही सरसकट खरं नाही. शनिवारी रात्री क्लबात भारी बाटल्या मांडून बसलेले गट मी पाहिलेत.

---

दुलई

@स्पष्टवक्ता_७८, तुमचं ‘पण जा’ मला मान्य आहे आणि मी मुलांना तेच सांगते. तुम्ही बारा वर्षं होतात हेही महत्त्वाचं. ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी एका वर्षाची. सप्टेंबरात यायचं, पुढच्या सप्टेंबरात प्रबंध द्यायचा. त्यात पबची रीत शिकून, चुकून, सावरून मित्र मिळवायला वेळच कुठे असतो? पहिल्या तीन आठवड्यांत जे गट जमतात तेच वर्षभर राहतात. आणि त्या तीन आठवड्यांतले बहुतेक कार्यक्रम दारूभोवती असतात. मला राग याचा आहे. मुलांनी बदलावं हे सगळे म्हणतात. कार्यक्रम बदलावेत हे कुणी म्हणत नाही.

क्लबातले गट मीही पाहिलेत. ते आहेत, पण त्यांच्यावरून इतरांना मोजता येत नाही. आणि त्यातही पाहा, ते टेबल लावून बसलेले असतात, एकमेकांना देत-घेत पीत असतात.

थोडा हिशेब देते. ब्रिटनचा अधिकृत सल्ला २०१६ पासून असा आहे की आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये, पुरुष असो की स्त्री. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ४ टक्के बिअरचा एक पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटरचा ग्लास, २.३ युनिटचा. ५२ टक्के बायज्यू ५० मिलिलिटर घेतली तर २.६ युनिट. म्हणजे त्या चिमुकल्या प्याल्यांचे चार गानबेई झाले की एक पाइंट पोटात गेला. दोन्ही बाजूंना हे ठाऊक नसतं. ब्रिटिश मुलं चिनी जेवणाला बोलावलं की ‘केवढासा प्याला’ म्हणून भराभर रिचवतात आणि आडवी होतात. चिनी मुलं पाइंटचा आकार बघूनच घाबरतात.

---

मक्याचं_शेत

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतून लिहितोय. इथलं चित्र वेगळं आहे आणि काही बाबतीत जास्त अवघड.

पहिला मुद्दा वयाचा. चीनमध्ये अठरा वर्षांखालच्यांना दारू विकायला बंदी आहे, अठरानंतर मोकळीक. अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळीकडे २१. म्हणजे वडिलांनी गाओकाओनंतर ज्याच्या हातात प्याला दिला तो मुलगा इथे विमानातून उतरला की पुन्हा अल्पवयीन. पहिली दोन-तीन वर्षं त्याला उजळ माथ्याने कुठे बिअर मिळत नाही. मिळते ती घरगुती पार्टीत, तळघरात, लाल प्लास्टिकच्या पेल्यात. कुणी काय मिसळलंय याचा पत्ता नाही, बसायला जागा नाही, खायला चिप्स. चोंगछिंग_रिटर्न यांनी वर्णन केलेल्या टेबलाचं हे दुसरं टोक.

दुसरा मुद्दा व्हिसाचा. नशेत गाडी चालवताना पकडलं गेलं तर अमेरिकन मुलाला दंड, कोर्ट, परवाना निलंबन. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचा व्हिसाच रद्द होऊ शकतो, खटल्याचा निकाल लागण्याआधीसुद्धा. सार्वजनिक वाहतूक नसलेल्या गावात हा धोका खरा आहे. आपल्या मुलांनाही हेच लागू, म्हणून ठळक लिहितोय: पार्टीला गाडी घेऊन जाऊ नका.

आता संख्या. २०१९-२० मध्ये अमेरिकेत ३,७२,५३२ चिनी विद्यार्थी होते. २०२३-२४ मध्ये २,७७,३९८ उरले आणि भारत ३,३१,६०२ वर जाऊन पहिल्या क्रमांकावर आला. आपली संख्या आता जास्त आहे, तेव्हा चिनी विद्यार्थ्यांबद्दल जे वीस वर्षं बोललं गेलं ते आता आपल्याबद्दल बोललं जाणार.

माझ्या गावातली चिनी मुलं काय करतात? केटीव्ही, म्हणजे कराओकेच्या भाड्याच्या खोल्या, इथे नाहीत, म्हणून कुणाच्या तरी घरी माइक लावून गातात. बबल टीच्या दुकानात रात्री अकरापर्यंत बसतात. पत्त्यांच्या आणि ‘लांडगा कोण’ या खेळाच्या बैठका तीन-तीन तास चालतात, आणि त्या खेळात इतकं बोलावं लागतं की ज्यांना ही मुलं अबोल वाटतात त्यांनी एकदा बघायला जावं. मला एकदा बोलावलं. आता मी नेमाने जातो.

---

झेंडू

थोडं अवांतर वाटेल, पण पिण्याच्या सवयी म्हणताय तर गरम पाण्याचा विषय हवाच.

माझ्या घरी दोन चिनी मुली भाड्याने राहायच्या, मिनेसोटात. बाहेर उणे वीस, आणि हॉटेलात बसल्या बसल्या समोर बर्फाने भरलेला पाण्याचा ग्लास येतो. पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपलं काहीतरी चुकलं म्हणून हे दिलंय. चीनमध्ये उकळलेलं पाणी पिण्याचा प्रचार १९५२ च्या देशभक्तिपर आरोग्य मोहिमेपासून सरकारने जोरात केला. शाळेत, कारखान्यात, रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचे नळ असतात. पोट दुखलं, गरम पाणी. पाळी आली, गरम पाणी. सर्दी झाली, गरम पाणी. आपल्या आज्याही हेच सांगायच्या, म्हणून आमचं लगेच जमलं.

अमेरिकेत किटली घरोघरी नसते, आणि काही वसतिगृहांत आगीच्या भीतीने ठेवूही देत नाहीत. गरम पाणी मागितलं की हॉटेलवाला विचारतो, चहाची पिशवी कुठली देऊ? नुसतं पाणी म्हटलं की गोंधळतो. दारूबद्दल निदान सगळे बोलतात. पण दिवसातून दहा वेळा ज्याची आठवण होते ते हे पाणी, आणि परकेपणा मुख्यतः तिथे टोचतो. त्या दोघींनी पहिल्या आठवड्यात काय घेतलं असेल तर थर्मास.

---

चोंगछिंग_रिटर्न

@झेंडू, शंभर टक्के! आमच्या वसतिगृहाच्या आवारात उकळत्या पाण्याची वेगळी खोली होती. संध्याकाळी सगळे आपापले थर्मास घेऊन रांगेत. माझी निम्मी चिनी भाषा त्या रांगेत शिकून झाली. ओळखी व्हायला दारूच लागते असं म्हणणाऱ्यांनी ती रांग बघायला हवी होती.

---

बव्हेरियातून

जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षापासून, कडक दारू अठरापासून. इथल्या चिनी विद्यार्थ्यांना पबपेक्षा बिअर गार्डन लवकर मानवतं असं माझं निरीक्षण. लांब बाकं, बसून पिणं, सोबत जेवण, काही बागांत तर घरचा डबा नेलेला चालतो. मुलं चक्क मसालेदार काकडी आणि शेंगदाणे घेऊन येतात.

अडतं ते एकाच ठिकाणी. जर्मन माणूस ग्लासाला ग्लास लावताना डोळ्यांत डोळे घालून बघतो, न बघणं असभ्य. चिनी मुलगा त्याच क्षणी आपली कड खाली नेण्यासाठी मान झुकवतो, खाली बघतो. दोघंही मान देत असतात आणि दोघांनाही तो मिळत नाही. हे एकदा समजावून सांगितलं की फार छान सुटतं.

---

अंबाडी

मेलबर्न. माझ्या प्रयोगशाळेत गेली काही वर्षं चिनी पीएचडी विद्यार्थिनी आहेत. एक गोष्ट जरा जपून लिहिते.

न पिणाऱ्यांबद्दल बोलणं झालं. पण काही मुली परदेशात येऊन पिऊ लागतात आणि त्यामागे नेहमी मजा नसते. गावाकडे मुलीने पिणं बरं दिसत नाही. इथे कुणी बघत नाही. सुरुवात होते ती हलक्या, गोड, फळांच्या चवीच्या डब्यांपासून. चीनमध्येही तरुणांत आता तेच चालतं, थोडीशी हलकी नशा, कडक बायज्यू नको. सप्टेंबर २०२३ मध्ये एका कॉफी साखळीने माओताय घातलेली लाटे काढली तर पहिल्याच दिवशी ५४ लाखांवर कप खपले, आणि त्यात अल्कोहोल अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. तरुणांना काय हवंय ते यावरून कळतं.

इथे मात्र तो डबा खोलीत एकटीने उघडला जातो. प्रबंध अडलेला असतो, मार्गदर्शकाला स्पष्ट बोलता येत नाही, आईला फोनवर सगळं छान आहे असं सांगायचं असतं. एकुलती एक मुलगी, घराने बचत ओतलेली. ती अपयशाबद्दल बोलणार कुणाशी? चोंगछिंग_रिटर्न म्हणाले तसं, तिथे एकटं पिणाऱ्याला कुणीतरी येऊन विचारतं. इथे खोलीचं दार बंद असतं.

म्हणून माझी विनंती वॉर्डन, मार्गदर्शक, घरमालक अशा सगळ्यांना. शांत, हुशार, वेळेवर काम देणारी मुलगी ठीकच असेल असं धरू नका. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा म्हटलं तर ती जाणार नाही, कारण नोंद होईल आणि घरी कळेल अशी भीती असते. नोंद गोपनीय राहते हे आधी सांगा. मग बरोबर चालत जा.

---

रक्तपेशी

@अंबाडी, फार महत्त्वाचं लिहिलंत. एक भर: ज्यांचं विकर दुबळं आहे त्यांना व्यसन लागण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी असते, कारण त्रासच इतका होतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. असा माणूस त्रास सोसून पीत राहिला तर शरीराचं नुकसान जास्त लवकर होतं. लाल चेहऱ्याने एकटं पिणारं मूल दिसलं तर थांबू नका.

---

स्पष्टवक्ता_७८

गोळी घेऊन लाली लपवतात हे मला माहीत नव्हतं, आणि अंबाडी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. घरात बसून मित्र मिळत नाहीत. पण दुलईताई, कार्यक्रम बदलावेत म्हणता तर नेमके कसे? वसतिगृहात प्रत्यक्षात काय करता येतं ते सांगा. माझी पुतणी मँचेस्टरला विद्यार्थी संघटनेत आहे, तिला पाठवतो.

---

दुलई

जरूर पाठवा. आमच्याकडे जे टिकलं तेवढंच लिहिते.

पहिला कार्यक्रम जेवणाचा ठेवतो, बसून. लांब टेबलं, मधे वाट्या, प्रत्येकाने दुसऱ्याला वाढायचं. वाढण्याच्या निमित्ताने बोलणं सुरू होतं, भाषा तोकडी असली तरी. दारू असते, पण बाजूच्या टेबलावर, आणि तिच्या शेजारीच तेवढ्याच मानाने चहा, गरम पाणी, लिंबू सरबत. ग्लास सगळ्यांना एकसारखे देतो, म्हणजे कुणाच्या हातात काय आहे ते दिसत नाही. हा छोटा बदल सगळ्यांत उपयोगी पडला.

राउंड म्हणजे काय हे स्वागताच्या माहितीपत्रकात साध्या भाषेत छापलं. त्यात ‘मी या वेळी राउंडमध्ये नाही, माझं मी घेते’ हे वाक्यही दिलं. ते इथल्या लोकांना पूर्ण चालतं, फक्त सुरुवातीलाच म्हणायचं असतं. चिनी विद्यार्थी संघटनेने त्याचं भाषांतर करून वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवरच्या आपल्या गटात टाकलं.

ब्रिटिश मुलांसाठीही अर्धं पान आहे, आणि त्याबद्दल मी वरिष्ठांशी भांडले. चेहरा लाल होण्यावर विनोद करायचा नाही. एकदा ‘नको’ म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही. चिनी मित्राने जेवायला बोलावलं तर जायचं, आणि तिथे त्याच्याकडे पाहून प्याला उचलायचा, पाण्याचा असला तरी.

काही ब्रिटिश विद्यापीठांत आता दारूमुक्त वसतिगृहाचा पर्याय असतो. पुतणीने आपल्याकडे विचारून बघावं. चिनी मुलांच्या बरोबरीने मुस्लिम मुलं, आपली मुलं आणि न पिणारी ब्रिटिश मुलंही तिथे अर्ज करतात.

मार्गदर्शकांच्या शुक्रवार संध्याकाळच्या ‘चला पबमध्ये’चं मात्र अजून काही करता आलेलं नाही. प्रबंधाचे खरे निर्णय तिथेच होतात आणि जे नसतात ते मागे पडतात. यावर कुणाकडे उपाय असेल तर हवा आहे.

---

मक्याचं_शेत

आमच्या विभागात ती बैठक दुपारी साडेतीनला, कॉफी आणि समोसे, अशी केली. विभागप्रमुखांना दोन पीएचडी विद्यार्थ्यांनी मिळून पत्र दिलं, एक चिनी आणि एक आपली सोलापूरची मुलगी. पत्रात दारूचा उल्लेखच नव्हता. लहान मुलं असलेल्यांना आणि शेवटची बस पकडणाऱ्यांना संध्याकाळी थांबता येत नाही, एवढंच लिहिलं होतं. लगेच मान्य झालं. पत्राचा मसुदा हवा असेल तर निरोप करा, नावं काढून पाठवतो.

---

दुलई

हवा आहे. निरोप केलाय.